आत्यांची वही

वही तशी माझ्या लेकीची आहे, पहिलीतली, दुरेघी. पुढची आठ-दहा पानं अक्षरं गिरवून भरलेली आणि मग मधूनच आत्यांचं अक्षर चालू होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या लातूरकडं सासूला आत्याच म्हणतात. त्यांची पहिली ओळ आहे, झेंडू 12 किलो, 340 रुपये. तारीख नाही, त्या तारीख लिहीतच नाहीत, नुसतं "घट बसले" असं लिहिलंय. पण मला तारीख पाठ आहे, 7 ऑक्टोबर 2021, कारण त्याच दिवशी घटस्थापनेला कोरोनातली बंद देवळं परत उघडली होती आणि फुलांना अचानक गिऱ्हाईक आलं होतं.

तो झेंडू आम्ही विकायला म्हणून लावलेलाच नव्हता. टोमॅटोच्या कडेनं दोन ओळी टाकल्या होत्या, कृषी सहायकांनी सांगितलं होतं की फळ पोखरणारी अळी आधी झेंडूवर जाते, टोमॅटो वाचतो, शिवाय झेंडूच्या मुळांमुळं जमिनीतल्या सूत्रकृमी कमी होतात. टोमॅटोचं काय झालं ते आता आठवत पण नाही. आत्यांनी मात्र घटाच्या दिवशी फुलं खुडली, एका जुन्या लुगड्यात बांधली आणि नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून औशाला जाऊन एका हार ओवणाऱ्या बाईला देऊन आल्या. घरी आल्यावर त्यांनी कमरेचं पाकीट काढून पैसे मोजले, परत मोजले, आणि मग मला म्हणल्या, "पोरी, एक वही दे गं, लिहून ठिवू."

आमचं घर सोयाबीनचं, खरीपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला हरभरा, थोडी ज्वारी. अशा घरात पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो, रास झाली की. आणि आला की तो आधीच वाटलेला असतो, कृषी सेवा केंद्राची उधारी, पीककर्ज, सोसायटी, कुणाच्या तरी लग्नाचा आहेर. मधल्या महिन्यांत घरातल्या बाईला साधी चहापत्ती आणायची तरी मागावं लागतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघत होते आणि आत्यांनी तर चाळीस वर्षं तेच केलं होतं. म्हणून ते 340 रुपये त्यांना किती मोठे वाटले असतील ते मला त्या रात्री कळलं. त्यांनी ते खर्चच केले नाहीत, वहीतच ठेवले होते बरेच दिवस, घडी करून.

पुढच्या वर्षी मी आणि नवऱ्यानं ठरवलं की विहिरीजवळचे दहा गुंठे फुलाला द्यायचे. मामा म्हणजे माझे सासरे, त्यांना अजिबात पटलं नाही. ओरडले वगैरे नाहीत, ते तसे ओरडतच नाहीत, जेवता जेवता एवढंच म्हणले, "सोयाबीनचं पोतं चार महिने घरात ठिवता येतंय, भाव आला की काढता येतंय. फूल चार तास ठिवून दाखवा." आणि सांगते, या पाच वर्षांत फुलशेतीबद्दल याच्यापेक्षा खरं वाक्य मी ऐकलं नाही. आम्हाला पुढं जे काही भोगावं लागलं ते सगळं या एका वाक्यात होतं, फक्त तेव्हा आम्हाला ते भीती घालणं वाटलं.

2022 ला दसरा 5 ऑक्टोबरला होता. झेंडूला लागणीपासून पहिलं फूल यायला दोन महिने लागतात, चांगला बहार धरायला अजून आठ-दहा दिवस, म्हणून सत्तर दिवस मागं मोजून 27 जुलैला लागण केली. चार फुटाचे बेड, सव्वा फुटावर रोप, दहा गुंठ्यांत साधारण 2200 रोपं बसली, नर्सरीतून ट्रेमधली आणली होती. लागणीनंतर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडावा लागतो, म्हणजे रोप उंच न जाता बाजूनं फांद्या फोडतं आणि फुलं जास्त लागतात. मी आणि आत्या खाली बसून खुडत होतो तर मामा बांधावरून बघत होते, थोड्या वेळानं उठून गेले. रात्री नवऱ्याला म्हणले, जिवंत रोपांची मुंडकी मोडायल्यात, मला बघवंना. आठ दिवसांनी मात्र स्वतः जाऊन एकेका रोपाच्या फांद्या मोजून आले.

त्या वर्षी भाव चांगला लागला. दसऱ्याच्या दोन दिवस आधी 70 रुपये किलोनं माल गेला. सगळं घर हरखलं. आणि तिथंच आमचं चुकलं, कारण एका वर्षात आम्हाला वाटलं की आपल्याला फुलशेती कळली.

2023 ला एक एकर झेंडू लावला. तारीख तीच, 27 जुलै, कारण गेल्या वर्षी जमलं होतं ना. आता हे लिहिताना पण मला कसंतरी होतं, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता, सगळ्या गावाला माहीत होतं, धोंड्याचा महिना म्हणून आम्ही जावयाला बोलावून अनारसे घातले, धोंडे खाऊ घातले, चांदीचं ताट देणं झालं नाही म्हणून आत्यांना आठ दिवस वाईट वाटत होतं, म्हणजे घरात अधिक महिना पूर्ण होता आणि शेतात मात्र तो कुणाच्याच डोक्यात आला नाही. सण वीसेक दिवस पुढं गेले, दसरा गेला 24 ऑक्टोबरला. आणि आमचं फूल वेळेवर आलं, गेल्या वर्षीच्या वेळेवर. गणपती 28 सप्टेंबरला बुडाले आणि पुढच्याच दिवसापासून आमच्या रानात केशरी सडा, रोज तोडा. बाहेर पितृपक्ष.

पितृपक्षात फूल कोण घेतं? लग्न नाही, वास्तू नाही, उद्घाटन नाही, दुकानवाले सुद्धा हार अर्धा करतात. एका दिवसाची पट्टी, म्हणजे आडतीवरची विक्रीची पावती, मी अजून ठेवलीय. 14 गोण्या, 210 किलो, भाव 6 रुपये, झाले 1260. त्यातून गाडीभाडं 560, हमाली-तोलाई 140. हातात 560. आणि तोडायला चार बाया होत्या, 300 रुपये रोजानं, म्हणजे 1200. फूल नाही तोडलं तर झाड बी धरायला लागतं आणि पुढची फुलं बारीक होतात, म्हणून तोडायचंच, तोडून विकलं तर रोज सहा-साडेसहाशे घरचे घालायचे. शेवटी चार दिवस आम्ही तोडून बांधावरच्या खड्ड्यात टाकलं. दसऱ्याला झाडावर फूल होतं, नाही असं नाही, पण त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला होता, लाल कोळीनं पानं भाजली होती आणि फूल आलं ते सुपारीएवढं.

वहीत त्या पानावर आत्यांनी पहिल्यांदा वजाचं चिन्ह काढलंय. लेकीला विचारून काढलं. आडवी रेघ, तीन-तीनदा गिरवलेली.

पंचांगाचा घोळ मामांनी सांगितला, त्या खड्ड्याजवळ उभं राहून. "औंदा धोंड्याचा महिना व्हता की रे." बस, एवढंच. "मी आधीच म्हणलं होतं" असं त्यांनी काही ऐकवलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी खड्ड्यातल्या फुलांवर शेण आणि सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीतला भुसा, टाकून पाणी सोडलं. उन्हाळ्यात तिथून सोन्यासारखं खत निघालं, काळं, भुसभुशीत, मुठीत धरलं की दबून परत मोकळं होणारं.

तेव्हा बसून आम्ही चौघांनी जे ठरवलं ते मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि कुणी नवीन करणारं असेल तर त्यांनी निदान हे ऐकावं असं मनापासून वाटतं. एका सणावर एक एकर लावायचा नाही. वीस गुंठेच, त्याच्या पुढं जायचं नाही, आणि त्यात वर्षभर रोज काहीतरी तोडायला मिळेल असं लावायचं. सणाचा भाव मिळाला तर मिळाला. आपल्या घरात जे कधीच नव्हतं ते रोजचा पैसा आहे, आणि आपण पळत होतो परत त्याच वर्षातून एकदा येणाऱ्या पैशामागं. हे आत्यांनी बोलून दाखवलं, त्यांच्या शब्दांत, "मला दसऱ्याचं लाख नको, रोजचं शंभर दे."

आता सहा गुंठे निशिगंध आहे, पाच गुंठे शेवंती आणि बिजली, तीन गुंठे गलांडा आणि सहा गुंठे झेंडू, तोही दोन टप्प्यांत, महिन्याच्या अंतरानं. गलांड्याला भाव फार नाही पण ते झाड आपल्या मराठवाड्यासाठीच बनलंय असं मला वाटतं, ऊन सोसतं, पाणी चुकलं तरी तोंड पाडत नाही. निशिगंध एकदा कंद लावला की तीन वर्षं चालतो, फक्त पाणी साचू द्यायचं नाही, काळ्या रानात तर अजिबातच नाही, कंद सडतो, म्हणून आम्ही गादीवाफे दीड फूट उंच घेतले आणि खाली मुरूम मिसळला. शेवंतीचं एक वेगळंच निघालं. मोटारीच्या खोलीवर रात्रभर बल्ब असायचा आणि त्याच्या उजेडात येणारी पंधरा-वीस रोपं बाकीच्यांना कळ्या लागल्या तरी नुसती हिरवीगार, वाढतायत फक्त. खत कमी पडलं का, रोग आहे का, सगळं बघून झालं. मग नर्सरीवाल्यानं सांगितलं की शेवंतीला रात्र मोठी लागते, रात्र लांबली की ती कळी धरते, आणि तुम्ही तिला रात्रच होऊ देईना गेलात. बल्ब काढला. महिन्या-दीड महिन्यानं त्या रोपांना पण कळ्या आल्या. आत्या अजून कुणी आलं की बाया-माणसांना ती जागा दाखवतात.

निशिगंधाची तोडणी पहाटे असते, चारला उठायचं. थंडीत जीवावर येतं, खोटं कशाला सांगू. डोक्याला बॅटरी, पायात गमबूट, कारण वाफ्यात जनावर असतं, दोनदा दिसलंय. दांड्यावर खालून वर कळ्या फुलत जातात, आज फुलणारी कळी टपोरी आणि पांढरी झालेली असते, तिच्या वरची अजून हिरवट, ती उद्याची. अंगठा लावून हलकं बाजूला मोडायचं, ओढायचं नाही, ओढलं की वरच्या कळ्या पण येतात. उजेडात दिसण्याआधी बोटालाच कळतं कुठली आजची. टोपलीत ओलं फडकं, वरून परत ओलं फडकं. लेकीनं एकदा सुट्टीत एक किलो कळ्या मोजल्या होत्या, 940 भरल्या. तेव्हापासून ती फुलाचा भाव कमी झाला की चिडते, म्हणते, "940 वेळा वाकायचं आणि एवढेच?" आणि वास, वासाचं काय लिहू, रात्री नऊ-दहाला वारा पडला की तो घरापर्यंत येतो, अंगणात बसलं की बोलता बोलता सगळे एकदम गप्प होतात.

आडतीला आता आम्ही फक्त सणाचा जास्तीचा माल देतो. बाकी सगळं ठरलेल्या पाच हारवाल्या बायांना, दोघी औशात आणि तिघी लातूरला गंजगोलाईच्या आसपास बसणाऱ्या. रात्री व्हॉट्सॲपवर बोलून ऑर्डर येते, लिहायचं कुणालाच नको असतं, "आक्का, उद्या निशिगंध तीन, गलांडा दोन, सकाळी लवकर धाडा". आत्या ते ऐकतात आणि वहीत घेतात. सकाळी नवरा गाडीवर दोन कॅरेट बांधून वीस किलोमीटर लातूरला जातो, साडेसहाच्या आत पोचवून परत येतो, मग लेकीला शाळेत सोडतो. भाव वर्षभर एकच ठरवलाय, लग्नसराईत आम्हाला थोडं कमी मिळतं आणि पितृपक्षात जास्त मिळतं. खूप जण म्हणतात हे येडेपण आहे, सीझनला लोक दुप्पट कमावतात. कमावू देत. त्या बायांनी पितृपक्षात सुद्धा एक दिवस माल नको म्हणला नाही, कमी घेतला पण घेतला, आणि मला ते आडतीच्या कुठल्याही भावापेक्षा जास्त वाटतं.

फवारणीचं पण त्यांच्यामुळंच ठरलं. मी एकदा एकीजवळ बसले होते हार ओवताना बघत, तर ती दोरा सारखा दातात धरत होती, एका हातानं फूल, एका हातानं सुई, दोरा दातात. मग मी घरी येऊन दोन दिवस जेवले नाही नीट. आपण कालच फवारलेलं फूल ते. तेव्हापासून कडक औषध बंद. निंबोळ्या उन्हाळ्यात गोळा करतो, पाच किलो कुटून शंभर लिटर पाण्याला, संध्याकाळी फवारायचं. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे. कीड येते, थोडं फूल खराब निघतं, ते खतात जातं.

पाण्याचं मला वेगळं सांगायची गरज नाही, लातूर म्हणलं की लोकांना 2016 ची पाण्याची रेल्वे आठवते, मिरजेहून आलेली. ज्यानं घागरी घेऊन टँकरमागं पळणं बघितलंय त्याच्या हातून पाणी मोकळं सुटत नाही. ड्रिप आणि वरून गुळीचं आच्छादन, एवढ्यावर वीस गुंठे मे महिना काढतात. एक एकर निघाला नसता. म्हणून पण वीसच.

आणि मग 2025 चा सप्टेंबर. ज्या भागात पाण्याची रेल्वे आली होती त्याच भागात शेतं वाहून गेली. आमच्याकडं नदी लांब आहे म्हणून माती राहिली, पण रानात चार दिवस गुडघाभर पाणी, सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावर कोंब फुटले, आणि झेंडू, जो 2 ऑक्टोबरच्या दसऱ्यासाठी बरोबर मोजून लावला होता, या वेळी तिथी-वार सगळं बघून, तो पार आडवा झाला. फुलात पाणी धरून फूल आतून काळं पडलं, हातात घेतलं की पाकळ्या गळून चिखलासारख्या बोटाला चिकटायच्या. बाजारात झेंडूला भाव चढला होता कारण कुणाकडंच नव्हता. हारवाल्या बायांचे फोन यायचे, आक्का, असेल तेवढा द्या, आणि आत्या फोन माझ्याकडं द्यायच्या, त्यांच्यानं नाही म्हणवत नव्हतं.

निशिगंध उंच वाफ्यांमुळं वाचला, पिवळा पडला पण महिन्याभरात सावरला. आणि बांधावर, उंचवट्यावर, आत्यांनी दरवर्षी घरच्याच बियाचा लावलेला गावरान झेंडू होता, तीसेक झाडं, तो उभा होता. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तो तोडला, सात-आठ किलो निघाला. मला वाटलं आता भाव आहे, हा तरी जाईल. आत्या म्हणल्या, नाही. सोयाबीन गेलेल्या घरांत कोण विकत घेणार या भावानं, आणि दाराला तोरण नाही म्हणजे कसं. गल्लीतल्या घराघरात ओंजळ-ओंजळ वाटला. वहीत त्या दिवशी लिहिलंय, झेंडू 8 किलो, आणि पैशाच्या जागी "गावात".

मार्गशीर्षात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या झाली, रानातच जेवण असतं आमच्याकडं, कडब्याची कोप करून पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. दरवर्षी आम्ही सोयाबीनच्या रानात कोप करायचो, तिथं अजून चिखल वाळून ढेकळं होती, म्हणून मामांनीच कोप निशिगंधाच्या कडेला केली. ताई-भाऊजी आले होते, गावातली पण दहा-बारा माणसं जेवून गेली. जेवण झाल्यावर मामांनी लेकीला पंचांग आणायला लावलं, नवीन वर्षाचं. 2026 ला पुन्हा धोंड्याचा महिना आहे, ज्येष्ठ, 17 मेपासून. दसरा 20 ऑक्टोबरला. त्यांनी बोटं मोडत सत्तर दिवस मागं मोजले, 11 ऑगस्ट लागण, त्याच्या मागं पंचवीस दिवस, 17 जुलै, ट्रेमध्ये बी.

पहिलीची वही संपलीय, लेकीनं तिची चौथीची काढून दिलीय, मागची बरीच पानं कोरी आहेत त्यात. मामांनी चष्मा लावून पहिल्या कोऱ्या पानावर स्वतः लिहिलं, झेंडू लागण, 11 ऑगस्ट. आत्यांनी वही ओढून घेतली, बघितली, आणि पंचांगात बोट लावत लावत म्हणल्या, "आवसंच्या आदल्या दिशी लागण करायलाव व्हय? दोन दिस म्होरं घ्या, श्रावण लागू द्या." मामांनी 11 खोडून 13 केलं.